टिळकवाडी ते निपाणी, व्हाया पोलंड

युरोपचं वर्णन युरोपला जाऊन आलेल्यांनी करायचं असतं, हे मला कळतं. आमच्या गल्लीतलेच तिघं जाऊन आलेत आणि बर्फात उभं राहून काढलेले तेच ते फोटो तिघांनीही मला दोन-दोनदा दाखवलेत. मी कुठं गेलेली नाही. मी शहरातल्या टिळकवाडीतनं निघाले, जवळच्याच हिंडलग्याला एक दिवस काढला, निपाणीजवळच्या आमच्या गावात जेवले आणि परत आले. पण आमच्या गाडीत पोलंड बसला होता, आणि त्या पोलंडनं तीन दिवस माझा जो जीव खाल्ला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी मुलगी मुक्ता चार वर्षं तिकडं नोकरीला आहे. तिनं मारेक नावाचा मुलगा ठरवला. माझी हरकत नव्हती. म्हणजे होती, पण विचारतंय कोण. हिचे वडील गेले तेव्हा ही सातवीत होती, आणि तेव्हापासून बापाच्या जागी उभे राहिले ते माझे थोरले दीर, अण्णा. मुक्तानं फोनवर सरळ सांगून टाकलं, "आई, अण्णा नाही म्हणाले तर मी हे लग्न करणार नाही." आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेला माणूस पोलंडच्या जावयाला हो म्हणणार कसा, ही काळजी करायची कुणी? आईनं.

अण्णांचा निरोप आला, "बायोडाटा पाठव. कागदावर. पाहुणे कोण कोण हायत ते नीट लिव." आणि तिथंच सगळं बिघडलं.

शुक्रवार, टिळकवाडी

मुक्ताबरोबर मारेक सकाळी आला तो हातात सात गुलाब घेऊन. मी एक काढून देवापुढं ठेवला आणि बाकीचे फुलदाणीत घातले. पोरगा फुलदाणीकडं बघत उभाच राहिला. मुक्तानं माझ्या कानात सांगितलं की त्यांच्यात जिवंत माणसाला सम आकड्यात फुलं देत नाहीत, ती मयताला. म्हणजे आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो त्यातलाच प्रकार. मी आणखी एक गुलाब काढून मुक्ताच्या केसात खोचला, तेव्हा कुठं तो खुर्चीत टेकला.

जेवायला पुरणाचे कडबू केले होते. त्यानं सहा खाल्ले. आमची आजी अगदी असेच करते, पाण्यात उकडून, म्हणाला. मला बरं वाटलं. मग म्हणाला, पण आत बटाटा आणि आंबट पनीर भरते. कडबूत बटाटा भरणाऱ्या लोकांत मुलगी द्यायची वेळ आली, असं मनात आलं. तूप वाढलं.

आता बायोडाटाचं सांगते. ज्यांना आमच्याकडची पद्धत माहीत नाही त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की लग्नाच्या बायोडाटात शिक्षण आणि पगार यांच्याखाली 'इतर पाहुणे' असा एक रकाना असतो. आत्या कुठं दिली, मावशी कुणाच्यात पडली, चुलत्याची सोयरीक कुठल्या गावात. मुलगा काय करतो ते लोक वरवर बघतात, वाचतात तो हा रकाना. त्यावरनं फोन फिरतात, चौकशी होते, आणि मग घराणं कसं आहे ते ठरतं.

मुक्तानं पंधरा दिवस आधी मला माहिती दिली होती. वडील ट्राम चालवतात. आई औषधाच्या दुकानात. एक बहीण. मामेकुळ नोवाक, आणि तिकडं नोवाक म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखे, दगड मारला तर नोवाकाच्या घरावर पडायचा. कुलदैवत म्हणून मारेकनं काळ्या चेहऱ्याच्या मातेचं देवस्थान सांगितलं, लोक तिथं लांबून पायी जातात, ते ऐकून मला जरा धीर आला. पण इतर पाहुणे? एक काका, जर्मनीत. संपलं. खाली सहा ओळी कोऱ्या.

मी तीस वर्षं इतिहास-भूगोलाचे पेपर तपासलेत. कोरी ओळ दिसली की माझा हात शिवशिवतो. मी मुक्ताला विचारलं, "त्यांच्या देशातली मोठी माणसं कोण कोण गं?" तिनं तीन सांगितली. नावं मी इथं लिहीत नाही, कारण ती मला अजून धड म्हणता येत नाहीत आणि चुकीची लिहिलेली मला खपत नाहीत. एक, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं पहिल्यांदा गणित मांडून सांगणारे. दुसऱ्या, रेडियम शोधून काढणाऱ्या बाई, ज्यांना जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस दोनदा मिळालं. तिसरे पियानोवाले, ज्यांची नुसती धून ऐकून लोक रडतात म्हणे. मी कंसात 'देशातील नामवंत' असं लिहिलं आणि खाली तिघांची नावं घातली. अण्णांना निदान कळावं की देश अगदीच अडाण्यांचा नाही.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या टायपिंगवाल्याकडं कागद दिला, त्यानं टाईप केला, मी मूळ कागद टपालानं अण्णांना धाडला आणि फोटो काढून हिंडलग्याच्या नणंदेला पाठवला. वाचून बघितला का? नाही. पोरांना 'पेपर देण्याआधी एकदा वाचा' म्हणून तीस वर्षं ओरडले, आणि स्वतः वाचला नाही.

शनिवार, हिंडलगा

माझी नणंद ताराक्का हिंडलग्यात असते. अंगणात भाताची मळणी चालली होती आणि सगळीकडं भुसा उडत होता. मारेक दारातच शिंकायला लागला. ताराक्कानं त्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि मुक्ताला म्हणाली, "इचार त्याला, रेडियमवाल्या आत्या बऱ्या हायत न्हवं आता?"

मला वाटलं चेष्टा करतेय. "कुठली आत्या, आक्का?"

"आता कुठली म्हणजे. बायोडाटात तूच लिवलीयास की."

तिनं कागद आणला. कुणाकडनं तरी छापून घेतला होता आणि वर प्लॅस्टिकही चढवलं होतं. इतर पाहुणे. एक, काका, जर्मनी. दोन, पृथ्वीवाले. तीन, रेडियमवाल्या बाई. चार, पियानोवाले. कंस नाही, नामवंत नाही, काही नाही. मी तिथंच उभ्या उभ्या टायपिंगवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बाई, कंसातलं ओळीत बसंना. काढून टाकलं. आता वाचायला बरं दिसतंय की." मी फोन ठेवला, नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं सांगता येत नाही.

ताराक्कानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पोराच्या आत्याला दोनदा बक्षीस मिळालंय, मामा आभाळाचा अभ्यास करतो, आणि एक चुलता पेटी वाजवतो, मोठमोठ्या लोकांत.

"आक्का," मी म्हटलं, "तो मामा पाचशे वर्षांपूर्वी वारला."

तिनं कागदावरचं नाव पुन्हा बघितलं. "मग वरच्या पिढीत धर," म्हणाली.

मी तिला बसवून सगळं समजावलं. ही तिघं मारेकची कुणी लागत नाहीत, जशी तुझी-माझी ज्ञानी-गुणी माणसं कुणी लागत नाहीत. ताराक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "हे अण्णाला सांगू नको. अण्णानं मला फोन केलता. म्हणाला, घराणं वजनदार दिसतंय, बघू. 'बघू' म्हणालाय, सुनंदा. अण्णा कवा बघू म्हणतोय?"

खरं होतं. अण्णा एक तर हो म्हणतात, नाहीतर उठून जातात. बघू म्हणाले म्हणजे पाऊण काम झालं, आणि ते पाऊण काम झालं होतं या तीन मेलेल्या माणसांच्या जिवावर.

आता मुक्ताची एक वाईट सवय सांगायला पाहिजे. जो कोण जे काय बोलेल ते ती मारेकला तिथल्या तिथं त्याच्या भाषेत सांगते. गाळत नाही, मऊ करत नाही. मी शंभर वेळा सांगितलं की सगळं सांगायचं नसतं. ती म्हणते, मग त्यानं नुसतं बसून काय करायचं? ताराक्काचं हेही बोलणं तिनं सांगितलं. मारेक ताक पीत होता. पृथ्वीवाले आपले मामा झाले हे ऐकून त्याला असा काही ठसका लागला की ताक नाकातनं आलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला खेळ सुचतोय.

मुक्ताचं हसू थांबलं. "लिहिलंस तू. उद्या अण्णांना सांगायचंस तू. गेल्या गेल्या, पहिल्या दहा मिनिटांत. खोट्या पाहुण्यांवर मला लग्न करायचं नाही, आई."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही," म्हणाली, आणि भाताच्या राशीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसे.

रविवार, हायवे

मुक्ता गाडी चालवत होती, मारेक पाय लांब म्हणून पुढं, आणि मी मागं कुंद्याच्या मिठाईचा डबा मांडीवर घेऊन. वंटमुरीचा घाट उतरलो, तांबडी माती मागं पडली आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि सगळ्यांनी रस्ता आपलाच असल्यागत चालायचं. मारेकनं घाबरून डॅशबोर्ड धरला होता. त्याच्याकडं म्हणे ट्रामला सगळे वाट देतात.

मी ठरवलं, निदान या तिघांची माहिती तरी पक्की करून घेऊ. अण्णांनी काही विचारलं तर तोंडघशी पडायला नको. म्हणून मी मारेकची तोंडी परीक्षा सुरू केली. माझं इंग्रजी शाळेतलं, त्याचंही तसलंच, अडलं तिथं मुक्ता.

"रेडियमच्या बाई कुठं राहायच्या?"

"फ्रान्समध्ये."

"का?"

"आमच्याकडं तेव्हा मुलींना विद्यापीठात घेत नव्हते."

"बरं. पियानोवाले?"

"तेही फ्रान्समध्ये. विशीत गेले. परत आले नाहीत."

"आणि आभाळवाले?"

"ते इटलीत शिकून परत आले. पण जर्मन लोक म्हणतात की ते आमचे."

माझं डोकं गरगरायला लागलं. मी विचारलं, यांना तुमच्या देशात कुणी धरून ठेवलं नाही का? तर मारेक म्हणाला, देशच नव्हता. शेजारच्या तिघांनी वाटून घेतला होता आणि सव्वाशे वर्षं नकाशावर पोलंड नावाची जागाच नव्हती. बाईंनी रेडियमच्या आधी एक पदार्थ शोधला, त्याला देशाचं नाव दिलं, तेव्हाही देश नव्हता. "नकाशावर नव्हता," तो मागं वळून म्हणाला, "लोक होते."

"ते आम्हाला नको सांगू बाबा," मी मराठीत म्हटलं. "आम्ही निपाणीचे." मुक्तानं तेही सांगितलं. त्यानं मग विचारलं की निपाणीचं काय. मुक्ता संकेश्वरपर्यंत सीमाप्रश्न सांगत होती आणि मी मागं बसून कपाळ धरलं होतं. एवढ्या मोठ्या देशातनं मी निवडून निवडून काय आणलं, तर दोघं घर सोडून गेलेले आणि तिसऱ्यावर शेजाऱ्याचा हक्क. आणि हे ठेवायचं कुणापुढं, तर ज्यानं दोन मुलं पुण्याला पाठवली आणि जो दर दिवाळीला त्यांची वाट बघतो, त्याच्यापुढं.

संकेश्वरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं मारेकला आधी हिंदीत, मग कन्नडमध्ये आणि शेवटी इंग्रजीत विचारलं, कुठले? पोलंड, मी सांगितलं. "त्यांच्यात बॅट्समन कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्याचा उत्साहच गेला. आपल्याकडं देश ओळखायची ही एक रीत, आणि मी तरी वेगळं काय केलं होतं? तेवढ्यात मारेकनं मिरचीची भजी अख्खी तोंडात टाकली. अर्धा तास गेला त्याला पाणी, साखर, केळं देण्यात. डोळे लाल, नाक लाल. निपाणीच्या अलीकडच्या फाट्याला वळलो तेव्हा नवरदेव रडून आल्यासारखा दिसत होता.

रविवार, अण्णांच्या सोप्यात

घरामागं तंबाखू हिरवीगार उभी होती. अण्णा सोप्यात बसले होते, धुतलेला सदरा घालून. मारेक वाकून पाया पडला. मुक्तानं शिकवलं होतं, पण उठताना त्याचं डोकं तुळईला लागलं. अण्णा म्हणाले, "सावकाश." एवढंच.

दहा मिनिटं गेली. चहा झाला. वीस मिनिटं गेली. मुक्ता माझ्याकडं बघत होती आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. जेवायला भाकरी, वांगं, मिरचीचा खर्डा होता. मारेकनं खर्ड्याला हात लावला नाही, ताटभर दही खाल्लं. अण्णा जेवताना बोलत नाहीत. हात धुतले, पुन्हा येऊन बसले, सुपारी कातरायला घेतली. मुक्ता आमच्या मधे येऊन बसली. आता ती स्वतःच बोलणार हे मला तिच्या मानेवरनं कळलं, आणि माझ्या पोटच्या पोरीनं माझी चूक माझ्या दिरांना सांगावी हे मला सहन होईना.

"अण्णा," मी म्हटलं, "त्या बायोडाटात एक चुकलंय."

"ठाऊक हाय."

"ते पाहुणे जे लिहिलेत—"

"ठाऊक हाय, म्हटलं की." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बायोडाटा आला त्याच्या चौथ्या दिशी एसटीनं निपाणीला गेलतो. वाचनालयात बसून तिघांचं वाचून काढलं. एकजण पाचशे वर्षांमागं मेलाय. त्याला पाहुणा म्हणून लिवतीस, मास्तरीण असून?"

"टायपिंगवाल्यानं कंस—"

"ते तुझं तू बघ. मी वाट बघत हुतो, सांगतीस का नुसती जेवून जातीस."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. मुक्ता मारेकला शब्दन्‌शब्द सांगत होती, माझी फजितीसुद्धा. अण्णा तिचं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी मारेककडं बघून बोलायला सुरुवात केली.

"लई मोठी माणसं हायत तुमची. वाचून बरं वाटलं. पर एक ध्यानात आलं माझ्या. शिकून घरला परत आला तो आभाळवाला तेवढा. बाई गेली ती तिकडंच ऱ्हायली. पेटीवाला गेला तो बी. त्याचं काळीज तेवढं थोरल्या बहिणीनं आणलं म्हणं, बरणीत घालून. खरं हाय?"

मारेकनं मान हलवली. खरं आहे, म्हणाला. आता ते राजधानीतल्या एका चर्चच्या खांबात ठेवलंय, आणि लोक येऊन तिथं उभे राहतात.

"मला बरणी नको," अण्णा म्हणाले. "पोरगी पायानं चालत आली पाहिजे. वर्षाला एकदा, गावच्या जत्रंला. एवढा शब्द दे."

मुक्तानं सांगितलं. मी मारेककडं बघत होते. तीन दिवस जी वणवण केली ती सगळी आता त्याच्या एका 'हो'वर आली होती. त्याला 'हो' म्हणता येतं, मुक्तानं शिकवलंय. मी मनात म्हणत होते, म्हण रे, म्हण की, तुझं काय जातंय.

त्यानं मांडी सावरली. मग मुक्ताकडं न बघता अण्णांकडं बघत त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. मुक्ता माझ्याकडं बघायला लागली. मी पायानं तिचा पाय दाबला. निदान आज तरी काहीतरी गाळ, काहीतरी गोड घाल.

"तो म्हणतोय," ती म्हणाली, "दर वर्षी जमेल असं मी सांगू शकत नाही. नोकरी आहे. मुलं होतील. एखादं वर्ष चुकेल. चुकलं तर का चुकलं ते मी स्वतः फोन करून तुम्हाला सांगेन. तिला सांगायला लावणार नाही."

अण्णांनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. संपलं, मी मनात म्हटलं. ताराक्काला काय तोंड दाखवायचं तेसुद्धा ठरवायला लागले.

"चुकंल म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"व्हय, अण्णा."

"माझी दोन पोरं पुण्यासनं दर सणाला येतो म्हणत्यात. ह्यो पहिला, जो तोंडावर न्हाय म्हणाला." त्यांनी पुन्हा अडकित्ता हातात घेतला. "कर लगीन. तारीख तुम्ही बघा. ऊस जाऊ दे तेवढा."

मुक्तानं हे मारेकला सांगायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. त्याला तिच्या रडण्यावरनं काही कळेना. न्हाय झालं वाटून त्याचा चेहरा पडला, तेव्हा मीच माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, येस, ही सेड येस. सुटल्यासारखं वाटलं मला, आणि रागही आला. नाही म्हणून हो मिळत होतं, तर पंधरा दिवस मी कशासाठी मरत होते? तो सहा ओळींचा रकाना मी कुणासाठी भरला?

अण्णांनी सुपारीची चिमूट माझ्यापुढं धरली. "आणि तू गं? टिळकवाडीत कायमची एकटीच ऱ्हाणार आता. जमंल?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मुक्तानं नाही, ताराक्कानं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. अण्णा हो म्हणतात का नाही, या घोरात ते मागंच राहून गेलं होतं. घरी गेल्यावर तिच्या खोलीत जाऊन दिवा लावायचा, एवढंच माझ्या डोळ्यापुढं आलं.

"जमंल की, अण्णा," मी म्हटलं.

मारेक मुक्ताकडं बघून थांबला होता. आई काय म्हणाली, ते ऐकायला. मुक्तानं ते त्याला सांगितलं नाही.